घर बदलताना मीटरचे शेवटचे रीडिंग कोण ठरवणार?

दिघी, भोसरी, मोशी, चऱ्होली या पट्ट्यात शाळा सुरू होण्याच्या तोंडावर घरे बदलणाऱ्यांची लगबग असते. चाकण आणि भोसरीच्या कारखान्यांत काम करणारी अनेक कुटुंबे अकरा महिन्यांच्या करारावर राहतात. करार संपतो, सामान टेम्पोत चढते आणि मालकाबरोबर अनामत रकमेचा हिशेब सुरू होतो. पाणीपट्टी, रंगरंगोटी यांवर कसेबसे एकमत होते आणि गाडी अडते ती वीजबिलावर. बिलावर युनिटचा आकडा छापलेला असतो. पण तो मीटरवरून घेतलेला नसतो, सरासरीने काढलेला असतो.

सरासरी बिल देणे मुळात बेकायदा नाही. दार बंद असल्यामुळे किंवा अन्य कारणाने मीटरपर्यंत पोचता आले नाही, तर अंदाजे बिल देण्याची मुभा राज्य वीज नियामक आयोगाच्या २००५ च्या विद्युत पुरवठा संहितेत होती आणि तिची जागा घेणाऱ्या २०२१ च्या विनियमांतही ती आहे. पुढील प्रत्यक्ष रीडिंगनंतर फरक समायोजित करावा, ही तिला जोडलेली अट आहे. म्हणजे सरासरी बिल हे तात्पुरते असते. कमी लागले तर पुढे वाढीव येते, जास्त लागले तर वजावट मिळते. शेवटच्या बिलाला मात्र ‘पुढचे रीडिंग’ नसते. जो अंदाज त्यात शिरला, तो कोणी हरकत घेतली नाही तर कायमचा ठरतो. वादाचे मूळ नेमके येथे आहे.

ज्या देशांत घरगुती ग्राहकाला वीजकंपनी बदलता येते, तेथे हा प्रश्न रोजचा आहे. ब्रिटनमध्ये कंपनी बदलताना एकच रीडिंग जुन्या कंपनीसाठी शेवटचे आणि नव्या कंपनीसाठी पहिले धरले जाते. ते अंदाजे असेल आणि चुकले असेल, तर ग्राहक एकीकडे जादा पैसे भरतो. आपल्याकडे हा अनुभव मुंबई उपनगरांनी घेतला. सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ मधील निकालानंतर टाटा पॉवरला किरकोळ ग्राहकांना वीज विकण्याचा मार्ग खुला झाला आणि २००९ मध्ये आयोगाने कंपनी बदलण्याची कार्यपद्धती घालून दिली. तारा रिलायन्सच्या आणि वीज टाटांची, अशी ती व्यवस्था होती. रिलायन्सचा हा व्यवसाय २०१८ मध्ये अदानी समूहाकडे गेला.

दिघीतील घरगुती ग्राहकाला असा पर्याय नाही. येथे वीज महावितरणचीच. शेजारच्या चाकणमधील मोठ्या कारखान्यांना ‘ओपन ॲक्सेस’खाली बाहेरून वीज घेता येते, ती सोय फ्लॅटधारकाच्या वाट्याला आलेली नाही. मात्र कंपनी तीच राहिली तरी हिशेब बंद होण्याचे प्रसंग येतातच. भाडेकरू बदलतो, फ्लॅट विकला जातो, जोडणी कायमची तोडली जाते किंवा जुना मीटर काढून नवा स्मार्ट मीटर बसवला जातो. या प्रत्येक वेळी जुन्या मीटरचे किंवा जुन्या रहिवाशाचे शेवटचे रीडिंग निर्णायक ठरते. मीटर बदलताना तर अधिक, कारण पुरावाच भिंतीवरून उतरवून नेला जातो.

आकडे काय सांगतात?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. फेब्रुवारीअखेर मीटरवर ४३१० युनिट होते. मार्च, एप्रिल आणि मे या तीन महिन्यांत रीडिंग झाले नाही आणि थंडीतील वापरावरून दरमहा ७० प्रमाणे २१० युनिटचे बिल आले. पंखे-कूलरमुळे प्रत्यक्ष वापर ३३० युनिटचा झाला. ३१ मे रोजी मीटर ४६४० दाखवत होता. त्या दिवशी भाडेकरू गेला, नवा आला आणि जूनमध्ये त्याने ९० युनिट वापरले. जूनअखेर रीडिंग झाले ४७३०. आता बिलात चार महिन्यांचे ४२० युनिट एकदम दिसतील आणि आधीच्या २१० युनिटची रक्कम वजा होईल. उरलेल्या २१० युनिटपैकी १२० आधीच्या भाडेकरूचे आहेत. पण ३१ मेचा आकडा कोणाकडेच नसेल, तर ते सिद्ध कसे होणार? नवा भाडेकरू ‘एवढी वीज मी जाळलीच नाही’ म्हणतो आणि जुना फोन उचलत नाही.

याहून महत्त्वाचा मुद्दा टप्प्यांचा आहे. घरगुती दर १०० युनिटपर्यंत एक, १०१ ते ३०० पर्यंत दुसरा आणि पुढे चढत जातो. पहिल्या टप्प्यापेक्षा दुसऱ्याचा वीज आकार दुपटीहून अधिक आहे. वरील ४२० युनिट एकाच महिन्याचे धरले, तर १०० युनिट स्वस्त टप्प्यात, २०० दुसऱ्यात आणि १२० तिसऱ्यात जातात. चार महिन्यांत विभागले तर दरमहा १०५ होतात. म्हणजे ४०० युनिट स्वस्त टप्प्यात आणि केवळ २० दुसऱ्यात. वापर तोच, बिलात मात्र मोठी तफावत. त्यामुळे साचलेल्या युनिटचे बिल आले की एकूण रकमेकडे पाहून संतापण्याआधी महिनावार विभागणी झाली आहे का, हे तपासावे.

राज्याने हा प्रकार मोठ्या प्रमाणावर पाहिला तो २०२० मध्ये. टाळेबंदीमुळे मार्चच्या अखेरीस घरोघरचे रीडिंग थांबले आणि आधीच्या महिन्यांच्या सरासरीने बिले निघाली. ती सरासरी हिवाळ्याची होती आणि माणसे ऐन उन्हाळ्यात दिवसभर घरात होती. जूनमध्ये प्रत्यक्ष रीडिंग सुरू होताच साचलेला फरक एकदम आला आणि राज्यभर ओरड झाली. त्यावेळीही कळीचा प्रश्न टप्प्यांचा लाभ महिनावार दिला की नाही, हाच होता.

बिल कसे वाचावे?

बिल सरासरीचे आहे की नाही, हे ओळखणे अवघड नाही. ‘चालू रीडिंग’च्या रकान्यात आकड्याऐवजी ‘आरएनए’, ‘इनॲक्स’, ‘लॉक’ किंवा ‘फॉल्टी’ असा शेरा असेल तर तो अंदाज समजावा. यांतील ‘फॉल्टी’ वेगळा. मीटर बंद पडला असेल, तर आधीच्या बारा महिन्यांच्या सरासरीवरून आकारणी होते आणि तीही जास्तीत जास्त तीन महिन्यांची. वर्षभर ‘फॉल्टी’ची बिले देऊन अखेर एकदम वसुली काढली गेली, तर ही मर्यादा दाखवून हरकत घेता येते.

घर सोडण्याच्या दिवशी मीटरचे छायाचित्र काढणे हा सर्वांत स्वस्त उपाय. त्यात मीटरचा अनुक्रमांक आणि आकडा दोन्ही दिसले पाहिजेत. इलेक्ट्रॉनिक मीटरच्या पडद्यावर व्होल्टेज, मागणी असे आकडे फिरत राहतात. त्यातील केडब्ल्यूएच लिहिलेलाच टिपावा. अनुक्रमांक बिलाशी जुळतो का, हेही पाहावे. तळमजल्यावरील मीटरच्या खोलीत दोन फ्लॅटच्या मीटरची अदलाबदल झालेली असणे ही काही दुर्मिळ गोष्ट नाही. ते छायाचित्र त्याच दिवशी मालकाला पाठवावे आणि ताबा देण्याच्या कागदावर रीडिंग लिहून दोघांनी सह्या कराव्यात. महावितरणच्या ॲपवरून ग्राहकाला स्वतः रीडिंग पाठवण्याचीही सोय आहे. मीटर बदलला जात असेल, तर जुन्या मीटरचे अंतिम रीडिंग नोंदवलेल्या अहवालाची प्रत मागून घ्यावी. कर्मचारी घाईत असला तरी.

हरकत नेहमी लेखी असावी. ग्राहक क्रमांक, वादग्रस्त महिने, छायाचित्रातील रीडिंग आणि ‘प्रत्यक्ष रीडिंगनुसार, महिनावार टप्पे देऊन बिल दुरुस्त करावे’ एवढी मागणी पुरे. अर्ज उपविभागीय कार्यालयात देऊन पोच घ्यावी. १९१२ वरील तक्रारीचा क्रमांक जपून ठेवावा, पण तेवढ्यावर विसंबू नये. बिल भाडेकरूच्या नावावर नसते ही अडचण सांगितली जाते. मात्र विद्युत कायदा, २००३ मधील ‘ग्राहक’ या व्याख्येत ज्याच्या जागेला वीज जोडलेली आहे, तोही येतो.

वाद चालू असताना वीज तोडली जाईल, या भीतीने बहुतेक जण मुकाट्याने पैसे भरतात. त्यांना कायद्याचे कलम ५६ ठाऊक नसते. थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. शिवाय मागितलेली रक्कम किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीने होणारी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती ‘हरकतीसह’ भरली, तर वादाचा निकाल लागेपर्यंत पुरवठा तोडता येत नाही. त्याच कलमानुसार, दोन वर्षांपूर्वी देय झालेली आणि बिलात सातत्याने थकबाकी म्हणून न दाखवलेली रक्कम वसूल करता येत नाही. पण चूक उशिरा लक्षात आली म्हणून काढलेल्या पुरवणी बिलाला हा आडोसा पुरा पडत नाही. अशी मागणी करता येते, मात्र तिच्यासाठी वीज तोडता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये अजमेरच्या वीज कंपनीच्या प्रकरणात स्पष्ट केले.

फ्लॅट विकत घेणाऱ्याने तर अधिक जागरूक राहिले पाहिजे. नियमांत तशी तरतूद असेल, तर आधीच्या मालकाची वीज थकबाकी नव्या मालकाकडून मागता येते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये दिला. म्हणून खरेदीखतापूर्वी शेवटचे बिल प्रत्यक्ष रीडिंगचे आहे की सरासरीचे, हे पाहून घ्यावे. जोडणी कायमची बंद करणाऱ्यानेही अंतिम बिल बारकाईने तपासावे, कारण महावितरणकडील त्याची सुरक्षा ठेव त्या बिलाची वजावट झाल्यावरच परत मिळते. अंदाज फुगलेला असेल, तर तो ठेवीतूनच कापला जातो आणि नवे बिलच येणार नसल्याने ते कोणाच्या ध्यानातही येत नाही.

कार्यालयाकडून दाद मिळाली नाही, तर कंपनीचा अंतर्गत तक्रार कक्ष आणि त्यानंतर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे. वादाचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत मंचाकडे जावे लागते. वकील नेण्याची सक्ती नाही. मंचाचा निर्णय मान्य नसेल, तर साठ दिवसांत मुंबईतील विद्युत लोकपालांकडे अर्ज करता येतो.