आखाजीचं साल, तापीचं मुख

खानदेशात सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या शेतगड्याचं, साल आखाजी (अक्षय्य तृतीया) ते आखाजी मोजायची जुनी रीत. २०२३ची आखाजी २२ एप्रिलला आली, २०२४ची १० मेला, २०२५ची ३० एप्रिलला. म्हणजे एक साल ३८४ दिवसांचं, पुढचं ३५५चं. सालदाराच्या अंगावर येणारा हा फरक पंचांगाचा घोळ नव्हे, तडजोड आहे. चंद्राचे बारा महिने ३५४ दिवसांत संपतात, सूर्याचं वर्ष सुमारे अकरा दिवसांनी मोठं. ही तूट भरली नाही तर आखाजी मागे सरकत आधी थंडीत, मग कापूस वेचणीत आणि शेवटी भर पावसात येईल. म्हणून ज्या चांद्रमासात सूर्य रास बदलत नाही तो अधिक धरतात. २०२३चा श्रावण तसाच होता. एकोणीस वर्षांत असे सात महिने येतात. या गणिताचं खानदेशाला अप्रूप नाही. चाळीसगावजवळच्या पाटण्याला भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ काढला होता आणि तेराव्या शतकाच्या आरंभीचा तिथला शिलालेख ते सांगतो.

मग इतका खटाटोप करण्यापेक्षा चंद्र सोडूनच का देऊ नये? पेरणी मृगावर, म्हणजे सूर्याच्या नक्षत्रावर होते. १९५७पासूनची राष्ट्रीय दिनदर्शिकाही सौरच आहे. पण तिथी आकाशात दिसते, तारीख दिसत नाही. खानदेशातली कानबाई देवी बसते ती नागपंचमीनंतरच्या रविवारी, तिथी आणि वार दोन्ही बघून. शिवाय सूर्याचं नक्षत्रही अचूक नाही: ऋतूंच्या तुलनेत मृग सुमारे बहात्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकतो. कालगणनेत चंद्राला सूर्याच्या मागे चालावं लागतं, एवढंच खरं.

समुद्रात मात्र उलटं. सूर्य अफाट मोठा, पण भरतीचा जोर अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटतो. म्हणून त्याचा वाटा चंद्राच्या निम्म्याहूनही कमी. अमावास्या-पौर्णिमेला दोघं एका रेषेत येतात तेव्हा उधाण, अष्टमीच्या सुमारास काटकोनात असताना भांग. खानदेशाला समुद्र नाही, पण तापी खंभातच्या आखाताला मिळते आणि तिथली भरती देशातल्या सर्वांत उंच भरत्यांपैकी. ऑगस्ट २००६मध्ये सुरत बुडाली ती तापीच्या खोऱ्यातल्या पावसाने आणि उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने. पण ९ ऑगस्टला नारळी पौर्णिमा होती आणि उधाणात मुखाशी पुराचा निचरा मंदावतो.

समुद्र हलवणारा चंद्र पिकंही वाढवत असेल, हा युक्तिवाद मात्र पटत नाही. भरती येते ती पृथ्वीच्या जवळच्या आणि दूरच्या बाजूंवरच्या ओढीत फरक पडतो म्हणून. त्यासाठी हजारो किलोमीटरचा विस्तार लागतो, कपाशीचं झाड चार-पाच फुटांचं.