सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन

विद्यार्थ्याच्या अध्ययनाचा आणि व्यक्तिमत्त्वविकासाचा वर्षभर, अध्यापन चालू असतानाच, विविध साधनांनी मागोवा घेऊन त्यावरून त्याला पुढील मार्गदर्शन करण्याची शालेय पद्धती. ‘सातत्यपूर्ण’ या शब्दाने मूल्यमापन हे वर्षाअखेरचे कार्य नसून अध्यापनाचे अंग आहे, असे सूचित होते. तर ‘सर्वंकष’ या शब्दाने विषयज्ञानाबरोबर कौशल्ये, अभिरुची, वृत्ती, सवयी व शारीरिक क्षमता यांचाही त्यात समावेश अभिप्रेत असतो.

या पद्धतीचा उगम वार्षिक लेखी परीक्षेच्या मर्यादांत आहे. दोन-तीन तासांच्या उत्तरपत्रिकेवरून विद्यार्थ्याची स्मरणशक्ती व लेखनाचा वेग यांची कल्पना येते. परंतु त्याचे प्रयोगकौशल्य, तोंडी अभिव्यक्ती किंवा गटात काम करण्याची पात्रता तीतून कळत नाही. शिवाय निकाल लागतो तेव्हा वर्ष संपलेले असते व चुका दुरुस्त करण्याची वेळ निघून गेलेली असते. माध्यमिक शिक्षण आयोगाने (१९५२–५३) बाह्य परीक्षांची संख्या कमी करावी, प्रत्येक विद्यार्थ्याचे नोंदपत्रक ठेवावे व अंतिम निर्णयात अंतर्गत चाचण्यांना स्थान द्यावे, अशा शिफारशी केल्या. कोठारी आयोगाने (१९६४–६६) मूल्यमापन ही अखंड चालणारी प्रक्रिया असून शिक्षणाच्या उद्दिष्टांशी तिचा निकटचा संबंध आहे, असे प्रतिपादिले. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात ही संकल्पना स्वीकारण्यात आली. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ च्या कलम २९ मध्ये तिला वैधानिक आधार मिळाला. हा अधिनियम १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला.

आकारिक व संकलित मूल्यमापन : मूल्यमापनाचे हे दोन प्रकार मायकेल स्क्रिव्हेन यांनी १९६७ मध्ये स्पष्ट केले. शिकणे घडत असताना त्यात सुधारणा करण्यासाठी केले जाते ते आकारिक आणि ठराविक कालखंडाच्या शेवटी संपादन अजमावण्यासाठी केले जाते ते संकलित मूल्यमापन होय. दोहोंतील भेद साधनात नसून उपयोगात आहे. उदा., ५२ मधून २७ वजा करताना एखादा विद्यार्थी ३५ हे उत्तर काढतो. केवळ गुण देणारा परीक्षक ते चूक ठरवून पुढे जातो. आकारिक मूल्यमापन करणारा शिक्षक मात्र विद्यार्थ्याला रीत सांगावयास लावतो आणि तो प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा करीत आहे, हे त्याच्या ध्यानात येते. मग काड्यांची दहाची एक जुडी सोडवून दशकाचे एकक कसे होतात, हे तो प्रत्यक्ष दाखवितो. येथे चूक हा विद्यार्थ्याचा दोष न ठरता पुढील पाठाची दिशा दाखविणारी खूण ठरते.

महाराष्ट्रातील योजना : महाराष्ट्र शासनाने ऑगस्ट २०१० मध्ये पहिली ते आठवीसाठी ही पद्धती लागू केली. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय इ. आकारिक मूल्यमापनाची साधने म्हणून निश्चित करण्यात आली. आकारिक व संकलित मूल्यमापनाचा भारांश पहिली-दुसरीसाठी अनुक्रमे ७० व ३०, तिसरी-चौथीसाठी ६० व ४०, पाचवी-सहावीसाठी ५० व ५० आणि सातवी-आठवीसाठी ४० व ६० टक्के असा ठरविण्यात आला. लहान वयात लेखी परीक्षेचे दडपण कमी असावे, हे त्यामागील तत्त्व होय. कला, कार्यानुभव व शारीरिक शिक्षण यांचे मूल्यमापन केवळ आकारिक ठेवण्यात आले. गुणांचे रूपांतर अ-१ पासून ई-२ पर्यंतच्या श्रेणींत करून त्यांना वर्णनात्मक नोंदींची जोड देण्यात आली.

अडचणी व आक्षेप : या पद्धतीचे यश वर्गातील विद्यार्थिसंख्या, शिक्षकांचे प्रशिक्षण आणि त्यांना मिळणारा वेळ यांवर अवलंबून असते. मोठ्या वर्गात अथवा एकच शिक्षक अनेक इयत्ता सांभाळीत असलेल्या शाळेत प्रत्येक मुलाचे निरीक्षण करणे अवघड जाते; मग नोंदी एकसाची होतात आणि नोंदवह्या भरणे हेच काम होऊन बसते. प्रत्येक कृतीला गुण दिले गेल्यास एका परीक्षेऐवजी वर्षभर परीक्षाच चालू राहते. रूथ बटलर यांच्या १९८८ मधील प्रयोगात केवळ लेखी अभिप्राय मिळालेल्या विद्यार्थ्यांची प्रगती झाली. गुण, किंवा गुण व अभिप्राय दोन्ही मिळालेल्यांत तशी प्रगती आढळली नाही. गुण दिसताच अभिप्रायाकडे दुर्लक्ष होते, असा याचा अर्थ लावला जातो.

दुसरा आक्षेप गैरसमजातून निर्माण झाला. २००९ च्या अधिनियमाने प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत विद्यार्थ्याला त्याच वर्गात ठेवण्यास मनाई केली होती. ‘नापास करावयाचे नाही’ याचा अर्थ अनेकांनी ‘मूल्यमापन करावयाचे नाही’ असा घेतला. वस्तुतः विद्यार्थी वरच्या वर्गात जाणारच असेल, तर त्याला काय येत नाही हे वेळीच ओळखण्याची जबाबदारी अधिकच वाढते. ती पार न पडल्यास वाचनही नीट न येणारे मूल आठवीपर्यंत पोहोचते आणि त्याची उणीव नववीत एकदम उघड होते. त्याची सर्वांत मोठी झळ घरी शिकविणारे कोणी नसलेल्या मुलांना बसते.

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २००९ मध्ये आणलेली आपली योजना २०१७ मध्ये बंद केली. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीच्या अखेरीस नियमित परीक्षा, अनुत्तीर्णांना जादा मार्गदर्शन आणि दोन महिन्यांत पुनर्परीक्षा अशी तरतूद झाली. त्यानंतरही अनुत्तीर्ण राहिल्यास विद्यार्थ्याला त्याच वर्गात ठेवण्याची मुभा शासनांना मिळाली. महाराष्ट्राने पाचवी व आठवीच्या वार्षिक परीक्षेचा निर्णय २०२३ मध्ये घेतला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मध्ये मात्र स्वयंमूल्यमापन व सहाध्यायी-मूल्यमापन यांचा अंतर्भाव असलेल्या समग्र प्रगतिपत्रकाचा पुरस्कार केलेला आहे. परीक्षा असो वा प्रगतिपत्रक, त्यांतील नोंदीमुळे दुसऱ्या दिवशीच्या अध्यापनात काही बदल होतो किंवा नाही, यावरच त्यांचे शैक्षणिक मूल्य ठरते.