एक कळ आणि अनेक दरवाजे

जबलपूरच्या विजय नगरात काय किंवा पुण्याच्या पेठेत काय, पदरचे पैसे मोजून मोबाइल घेणाऱ्यास आपण त्याचे पूर्ण धनी झालो असे वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. अँड्रॉइड प्रणालीत सर्वाधिकार ‘रूट’ नावाच्या खात्याकडे राखून ठेवलेले असतात. मालकाची गणना त्यात होत नाही. कंपनीने घातलेली नको ती ॲप्स काढावयाची, किंवा तिने वाऱ्यावर सोडलेल्या जुन्या फोनात नवी प्रणाली बसवावयाची, तर हा अधिकार हवासा वाटणे स्वाभाविकच आहे.

एके काळी तो एका बोटाच्या स्पर्शाने मिळत असे. प्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे लिनक्स कर्नलमध्ये, राहून गेलेल्या एखाद्या चुकीचा लाभ घेऊन ही साधने आत शिरत. २०१४ साली जॉर्ज हॉट्झ यांनी प्रसिद्ध केलेले ‘टॉवेलरूट’ याच जातीचे. परंतु ही चावी नव्हती, भिंतीतले भगदाड होते. आणि ज्या भगदाडातून मालक शिरतो त्यातूनच चोरही शिरू शकतो.

म्हणून ही भगदाडे बुजविण्याचे काम नेटाने सुरू झाले. ऑगस्ट २०१५ पासून गूगल दरमहा सुरक्षेच्या दुरुस्त्या प्रसिद्ध करू लागले. शिवाय संरक्षणाची रचना देवगिरीच्या किल्ल्यासारखी झाली: एक दरवाजा पडला तरी पुढे खंदक, खंदकापुढे अंधारी. २०१४ च्या अँड्रॉइड ५ पासून एसई-लिनक्सचे नियम पूर्णपणे अमलात आले. त्यामुळे रूटचे नाव धारण करणाऱ्या प्रोग्रामलाही नेमून दिलेल्या कामापलीकडे जाता येत नाही. पूर्वीची साधने आपली फाइल प्रणालीच्या विभागात कायमची ठेवून देत. २०१६ च्या अँड्रॉइड ७ सह आलेल्या फोनांत मात्र सुरू होतानाच प्रणालीवरील कंपनीची डिजिटल मोहर कसोशीने तपासली जाऊ लागली. फेरफार केलाच, तर तो टिकत नाही, किंवा फोनच सुरू होत नाही. त्यातही प्रत्येक कंपनीचा, प्रत्येक मॉडेलचा कर्नल निराळा. तेव्हा एकच कळ सर्वत्र चालणार तरी कशी?

राजमार्ग आहे तो बूटलोडर उघडण्याचा. काही कंपन्या तशी मुभा देतात, काही देत नाहीत. त्या वेळी फोनमधील सर्व माहिती पुसली जाते, आणि पुढे बँकांची कित्येक ॲप्स अशा फोनवर चालण्याचे नाकारतात. एका स्पर्शात सर्वाधिकार देऊ करणारे अनोळखी साधन मात्र बहुधा निष्फळ ठरते. आणि क्वचित सफळ झालेच, तर ते अधिकार प्रथम त्या साधनाच्या हाती पडतात. ज्या फोनात घरची बचत आहे, त्याच्या मालकाने हा भेद अवश्य ध्यानी ठेवावा.