उभ्या गाडीतील आग

मोटारगाडी धावत असताना तिच्यात बिघाड होऊन तिला आग लागावी, यात फारसे नवल नाही. परंतु इंजिन बंद आहे, किल्ली काढून घेतली आहे, चालक घरात जाऊन झोपला आहे, आणि तरीही मध्यरात्री गाडी आपोआप पेट घेते, असे कोणी सांगितले तर ऐकणाऱ्याचा त्यावर सहसा विश्वास बसणार नाही. अमेरिकेत मात्र १९९० नंतरच्या काळात असे प्रकार वारंवार घडू लागले. या गाड्या फोर्ड कंपनीच्या होत्या. तिकडे पुष्कळ घरांना लागूनच गाडी ठेवण्याची खोली असते. त्यामुळे गाडी पेटली की ज्वाळा घरापर्यंत पोचण्यास वेळ लागत नसे, आणि घरातील माणसे तर त्या वेळी गाढ झोपेत असत.

या आगीचे मूळ अखेर एका लहानशा कळीत सापडले. ती कळ सहज मुठीत मावेल एवढीच होती.

अमेरिकेतील रस्ते लांब आणि सरळ. अशा रस्त्यावर तासन्‌तास एकाच वेगाने गाडी चालवताना चालकाचा पाय अवघडून जातो. म्हणून तेथील गाड्यांत गतिनियंत्रक नावाचे एक साधन बसवलेले असते. चालकाने एकदा वेग ठरवून दिला, की पाय काढून घेतला तरी गाडी त्याच वेगाने धावत राहते. अर्थात, समोर एखादे जनावर आडवे आले आणि चालकाने ब्रेक दाबला, तर हे साधन तत्क्षणी बंद पडले पाहिजे. ते काम करण्यासाठी ब्रेकजवळ एक कळ असतेच. पण तीच नादुरुस्त झाली तर काय, असा विचार करून यंत्रज्ञांनी आणखी एक कळ ब्रेकच्या यंत्रणेवर बसवली. आगीला कारण झाली ती हीच दुसरी कळ होय. ती केवळ अधिक सुरक्षिततेसाठी ठेवलेली होती. कुंपणानेच शेत खावे, तसा हा प्रकार झाला.

या कळीचे अंतरंग समजून घेण्यासारखे आहे. तिचे दोन भाग असतात. एका भागात ब्रेक ऑइल भरलेले असते, तर दुसऱ्या भागात वीज वाहून नेणारी धातूची टोके असतात. दोहोंच्या मध्ये कॅप्टॉन नावाच्या प्लास्टिकचा एक पातळ पापुद्रा ताणून बसवलेला असतो. चालकाने ब्रेक दाबला की ऑइलवर दाब येतो, ऑइल पापुद्र्याला ढकलते, आणि त्याच्यामागील धातूची टोके एकमेकांपासून सुटतात. वीज तुटते आणि गतिनियंत्रक बंद पडतो. ब्रेक सोडला की पापुद्रा पुन्हा मागे येतो. रचना साधी आहे, आणि नव्या गाडीत ती उत्तम चालते.

परंतु चालक दिवसातून किती वेळा ब्रेक दाबतो! शहरातून जाताना तर पावलोपावली ब्रेकवर पाय जातो. तितक्या वेळा पापुद्रा वाकतो आणि सरळ होतो. पत्र्याचा तुकडा पुन:पुन्हा वाकवला की तो एका जागी चिरतो, हे सर्वांना ठाऊक आहे. या पापुद्र्याचेही काही वर्षांनी तसेच होऊ लागले. त्याला बारीक भेगा पडत, आणि त्यांतून ब्रेक ऑइल हळूहळू विजेच्या भागात पाझरू लागे. जुन्या ऑइलात ओलावा मिसळलेला असतो. त्यामुळे धातूची टोके गंजत, आणि जेथे वीज वाहू नये अशा ठिकाणी तिला एक चोरवाट मिळे. या वाटेने जाणाऱ्या विजेने कळीचे प्लास्टिक तापत जाई व शेवटी पेट घेई. ब्रेक ऑइल स्वतःही जळणारे द्रव्य आहे. त्यामुळे आगीला इंधन जवळच तयार असे.

येथे दोन शंका मनात येतात. पहिली ही, की किल्ली काढल्यावर वीज आली कोठून? तिचे उत्तर असे, की किल्ली काढली म्हणजे गाडीतील सगळीच वीज बंद होते असे नाही. बॅटरीतून काही तारांना वीज सदैव मिळत असते. या कळीकडे जाणारी तार अशांपैकीच एक होती. दुसरी शंका अधिक मार्मिक आहे. अशा वेळी वीज तोडण्यासाठी तर फ्यूज असतो. मग तो वितळला का नाही? फ्यूज वितळतो तो ठरलेल्या मर्यादेपेक्षा अधिक वीज वाहू लागली तर. कळीतून पाझरणारी वीज त्या मर्यादेच्या आतच राही. घरातील इस्त्री चालू असताना फ्यूज वितळत नाही, पण तीच इस्त्री कापडावर विसरून राहिली तर कापड जळते. उष्णता थोडी असली तरी ती एकाच जागी साचत राहिली म्हणजे पुरेसे होते.

आता हा दोष दूर करण्याची हकिकत. अमेरिकेत १९६६ साली मोटारींच्या सुरक्षिततेविषयी कायदा झाला. विकलेल्या गाडीत धोकादायक दोष आढळल्यास कारखानदाराने तो मालकांना कळवावा, असे बंधन त्याने घातले. आणि अशी गाडी परत बोलावून विनामूल्य दुरुस्त करून द्यावी, हे १९७४ च्या सुधारणेने ठरले. गाड्या परत बोलावण्याच्या या क्रियेला ‘रिकॉल’ म्हणतात. त्यानुसार १९९९ साली फोर्ड कंपनीने सुमारे २ लाख ७९ हजार मोटारी परत बोलावल्या. प्रकरण तेथेच मिटावयास हवे होते. पण तीच कळ कंपनीच्या इतर अनेक प्रकारच्या गाड्यांतही बसवलेली होती. धोका केवळ कळीत नाही, ती कोणत्या गाडीत व कोणत्या रचनेत बसवली आहे यावर तो अवलंबून आहे, असे कंपनीचे म्हणणे होते. ते अगदीच निराधार नव्हते. काही गाड्यांत आगी पुष्कळ लागत, काहींत क्वचितच. मात्र या मतामुळे गाड्या एकदम न बोलावता तुकड्यातुकड्यांनी बोलावल्या गेल्या. २००५ च्या सप्टेंबरात सुमारे ३८ लाख, २००७ मध्ये ३६ लाख, आणि २००९ च्या ऑक्टोबरात आणखी ४५ लाख. एकूण आकडा सुमारे १ कोटी ४० लाखांवर गेला. पहिल्या सूचनेपासून शेवटच्या सूचनेपर्यंत दहा वर्षे लोटली. या दहा वर्षांत किती गाड्या रात्री घराच्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या असतील, याची कल्पनाच करावी.

२००९ च्या यादीत इकॉनोलाइन नावाच्या व्हॅनही होत्या. या जातीच्या व्हॅन अमेरिकेत घरोघर परिचित आहेत. नळ दुरुस्त करणारा आपली हत्यारे तीत ठेवतो, व्यापारी तीतून माल पोचवतो, आणि तिच्यावर रुग्णवाहिकाही बांधतात. ज्याचे पोट गाडीवर चालते त्याला ती दुरुस्तीला देणे म्हणजे दिवसाची कमाई सोडणे. म्हणून पत्र हाती पडले तरी ‘पुढच्या आठवड्यात पाहू’ असे म्हणणारे निघतात. शिवाय जुनी गाडी या हातातून त्या हातात जाते, मालक घर बदलतो, आणि सूचनेचे पत्र भलत्याच दारी जाऊन पडते. त्यामुळे बोलावूनही न आलेल्या गाड्या लक्षावधी राहिल्या. दुरुस्ती होईपर्यंत गाडी घरापासून दूर, उघड्यावर उभी करावी, असे सरकारी सुरक्षा खात्याला मालकांना सांगावे लागले.

भारतात सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार केंद्र सरकारला २०१९ च्या मोटार वाहन कायद्याच्या दुरुस्तीने मिळाला. त्यापूर्वी येथील कारखानदार हे काम आपखुशीने करीत.

एवढा अनर्थ टाळण्यास जो उपाय योजला गेला तो मात्र अगदी लहान होता. सुटे भाग मिळेपर्यंत यंत्रशाळेतील कारागीर कळीची तार नुसती काढून ठेवीत. गतिनियंत्रक चालत नसे, पण आगीचे भय संपे. पुढे त्या तारेच्या मार्गात आणखी एक तुकडा जोडण्यात येई, आणि त्यात कमी मर्यादेचा वेगळा फ्यूज बसवलेला असे. आता पापुद्रा फाटून ऑइल पाझरले आणि वीज चोरवाटेने वाहू लागली, तरी कळ तापण्यापूर्वीच हा फ्यूज वितळतो. दुसऱ्या दिवशी गतिनियंत्रक चालू होत नाही, एवढेच काय ते चालकाच्या लक्षात येते.