सागाची रंध्रं भरायची की नाही?

जळगाव-धुळ्याकडच्या जुन्या घरांत सागवानी बंगई हमखास दिसते. ती पॉलिशला काढली की पहिला प्रश्न येतो : रंध्रं भरायची का?

आपण आधी लाकूड पाहू. सागात दरवर्षीच्या वाढीच्या सुरुवातीची रंध्रं मोठी असतात. नख फिरवलं तर बारीक खाचा लागतात. पॉलिश त्यांत उतरतं, वाळताना आक्रसतं आणि तिरप्या उजेडात प्रत्येक खाच दिसते.

जेवणाच्या टेबलाला आरशासारखी चकाकी हवी, खरकटं खाचेत अडकायला नको, तर भरावं. नुसती खडूची पूड पांढरी दिसते. म्हणून लाकडाहून किंचित गडद रंग घालून ती जवसाच्या तेलात कालवायची, रेषांना आडवी घासायची, वरची पुसून काढायची. पावसाळ्यात तेल उशिरा वाळतं. घाई केली तर भराव पुढे खाली बसतो.

बंगईचं वेगळं. तिथं हाताला लाकूड लागलं पाहिजे. तिला नुसतं तेल पुरतं. शिवाय एकदा भरलेली रंध्रं पुन्हा पुरती मोकळी होत नाहीत. म्हणून आम्ही सांगतो, फळीच्या खालच्या अंगाला वीतभर करून बघा. शंका राहिली तर भरू नका. न भरलेलं उद्या खरवडून भरता येतं; भरलेलं परत घेता येत नाही.