हात आमचे, छाप कुणाची?

आपल्या समाजातील तरुण नोकरीच्या रांगेतून बाहेर पडून धंद्यात उतरू लागला आहे, ही समाधानाची बाब आहे. २००५ साली पुण्यात मिलिंद कांबळे यांच्या पुढाकाराने 'डिक्की' स्थापन झाली. २०१२ च्या केंद्रीय खरेदी धोरणात अनुसूचित जाती-जमातींच्या सूक्ष्म व लघु उद्योगांकडून ४ टक्के खरेदी करण्याची तरतूद झाली. कर्ज, भांडवल, जागा यांची चर्चा आपल्या मेळाव्यांतून होते. पण तयार झालेल्या मालावर छाप कुणाची असावी आणि कशी असावी, यावर कुणी बोलत नाही. बोधचिन्ह, ज्याला सगळे लोगो म्हणतात, ते आपण फ्लेक्सवाल्याच्या मर्जीवर सोडून देतो. हा प्रश्न सजावटीचा आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी आपला इतिहास आठवावा.

बडोद्याची नोकरी सोडून मुंबईला आल्यावर बाबासाहेबांनी शेअर व्यापाऱ्यांना सल्ला देणारी पेढी काढली होती. अर्थशास्त्राचे एवढे ज्ञान असलेला सल्लागार त्या बाजाराला शोधून सापडला नसता. पण सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक फिरकेनासे झाले आणि पेढी बंद पडली. पुढे 'मूकनायक' निघाले, तेव्हा पैसे मोजूनही 'केसरी'ने त्याची जाहिरात छापली नाही. म्हणजे माल कसा आहे हे पाहण्याआधी तो कुणाचा आहे हे पाहिले जात होते. आजही पाहिले जाते.

म्हणूनच आपले अनेक व्यावसायिक पाटीवर आडनाव घालत नाहीत. कुणी निळा रंग टाळतो, कुणी गिऱ्हाईक बिचकू नये म्हणून गणपतीचे चित्र लावतो. त्यांना आम्ही दोष देत नाही. पोट प्रत्येकाला आहे, आणि दोष असेल तर तो जात पाहून सौदा करणाऱ्या बाजाराचा आहे. पण लपून केलेल्या धंद्याला नाव होत नाही आणि नाव नसलेल्या मालाला भाव मिळत नाही, हेही तितकेच खरे.

याची दुसरी बाजू कोल्हापुरात दिसते. पाण्याला शिवल्याबद्दल मार खाल्लेल्या गंगाराम कांबळे यांना राजर्षी शाहू महाराजांनी हॉटेल काढून दिले. त्याचे नाव 'सत्यसुधारक'. सवर्ण गिऱ्हाईक येईना, तेव्हा महाराज स्वतः तिथे जाऊन चहा प्याले, बरोबरच्यांनाही त्यांनी तो प्यायला लावला. त्या पाटीत लपवाछपवी नव्हती, एक भूमिका होती. आपल्या काळात सुधीर राजभर यांनी मुंबईत धारावीच्या चर्मकार कारागिरांना बरोबर घेऊन 'चमार स्टुडिओ' उभा केला. शिवी म्हणून फेकला जाणारा शब्द त्यांनी मालाचे नाव म्हणून ताठ मानेने लावला.

त्याच कोल्हापूरची चप्पल पाहा. कातडे कमावणारा, तळ कापणारा, वेणी विणणारा हात चर्मकाराचा. पण कारखान्यापासून दुकानापर्यंतच्या वाटेत त्याचे नाव गळून पडते आणि पिशवीवर दुकानदाराचे नाव येते. २०१९ साली या चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. ते महाराष्ट्रातील संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ आणि कर्नाटकातील तशाच महामंडळाच्या नावे आहे, दोन्ही राज्यांतील चार-चार जिल्ह्यांसाठी. तरीही जून २०२५ मध्ये इटलीतील मिलान शहरात 'प्राडा' या बड्या कंपनीने तशाच चपला व्यासपीठावर आणल्या आणि कोल्हापूरचा उल्लेखही केला नाही. ओरड झाल्यावर कंपनीला मूळ मान्य करावे लागले. मानांकनामुळे 'कोल्हापुरी' हे नाव राखले जाईल. पण ही जोडी अमुक कारागिराच्या हातची, हे मानांकन सांगत नाही. ते त्याच्या स्वतःच्या छापेने सांगायचे असते.

मग ही छाप कशी असावी? ती एका नजरेत ओळखता आली पाहिजे. चपलेच्या तळावर ती धातूच्या ठशाने उठवायची असते. तिथे रंग नसतो आणि बारीक रेषा कातड्यात बुजून जातात. म्हणून चित्र एकच आणि ठळक हवे. चप्पलवाल्याने चपलेचेच चित्र काढले तर तो शंभर जणांत हरवतो. त्याऐवजी रापीचे पाते, वेणीचा एक पेड किंवा आजोबांच्या नावाचे पहिले अक्षर घ्यावे. मराठी अक्षर वळणदार आहे, त्याचा संकोच कशाला? मसाला विको वा शिलाईचे काम असो, कसोटी एकच. छाप काळ्या शाईत, रबरी शिक्क्यात, झेरॉक्समध्ये आणि मोबाईलच्या नखाएवढ्या गोलात वाचता आली पाहिजे. तशी वाचता येत नसेल, तर संगणकावर ती कितीही देखणी दिसो, उपयोग नाही. चित्रकाराकडून कोरल ड्रॉची मूळ फाईल आणि हक्क लेखी आपल्या नावे करून घ्यावेत.

आता एक नाजूक गोष्ट. आपले अनेक तरुण श्रद्धेने अशोकचक्र किंवा तथागतांची मुद्रा लोगोत घालतात. भावना समजते, पण १९५० च्या बोधचिन्हे व नावे यांच्या गैरवापरास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यानुसार राष्ट्रध्वजातील अशोकचक्र केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय धंद्यासाठी वापरता येत नाही आणि अशा चिन्हाची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणीही होत नाही. शिवाय पिशवी शेवटी उकिरड्यावर जाते, चपलेचा तळ चिखलात जातो. तथागतांना आणि बाबासाहेबांना तिथे न्यायचे का, याचा विचार प्रत्येकाने करावा. महापुरुष दुकानाच्या भिंतीवर असावेत. मालावर आपली मेहनत दिसावी.

शेवटचे काम नोंदणीचे. १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याखाली एका वर्गासाठी ऑनलाइन अर्ज केल्यास व्यक्तीला वा लघुउद्योगाला ४,५०० रुपये शुल्क आहे, इतरांना ९,०००. कपडे व पादत्राणे २५ व्या वर्गात येतात, चामड्याच्या पिशव्या १८ व्या वर्गात. अर्ज स्वीकारला की चिन्ह सरकारी जर्नलमध्ये प्रसिद्ध होते आणि हरकतीसाठी चार महिने मिळतात. नोंदणी दहा वर्षांची असते, पुढे ती वाढवता येते. नोंदणी होण्याआधी वर्तुळातला 'आर' लावणे गुन्हा आहे, तोवर 'टीएम' लिहावे.

एका लग्नाच्या मांडवावर याहून कितीतरी जास्त खर्च होतो. ज्यांच्या घरी पिढ्यान्पिढ्यांचे कसब आहे, त्यांनी या १४ एप्रिलला डीजेची वर्गणी थोडी कमी करावी आणि वस्तीतल्या एका कारागिराच्या, एका बचत गटाच्या छापेची नोंदणी करून द्यावी. बाबासाहेबांची पेढी ज्या बाजाराने बंद पाडली, त्याच बाजारात आपल्या नावाचा माल उजळ माथ्याने विकला जावा, एवढेच आमचे म्हणणे आहे.