पत्रांतून जन्मलेले मांजर

१५ मे १९३५ रोजी ‘फिजिकल रिव्ह्यू’ या अमेरिकी नियतकालिकात अल्बर्ट आइन्स्टाइन, बोरिस पोडोल्स्की आणि नेथन रोझेन यांचा चार पानांचा निबंध प्रसिद्ध झाला आणि पुंजयामिकी, म्हणजे सूक्ष्म कणांचे वर्तन सांगणारे शास्त्र, वास्तवाचे पूर्ण वर्णन करते काय, हा प्रश्न ऐरणीवर आला. मात्र आइन्स्टाइन यांचा खरा आक्षेप त्या निबंधापेक्षा त्यांनी ऑक्सफर्डमधील एर्विन श्रोडिंगर यांना त्या उन्हाळ्यात लिहिलेल्या पत्रांत अधिक स्वच्छ दिसतो.

निबंध पोडोल्स्की यांनी लिहिला आणि गणिती मांडणीच्या ओझ्याखाली मूळ मुद्दा दबून गेला, असे आइन्स्टाइन यांनी १९ जूनच्या पत्रात सांगितले. त्यांचा मुद्दा असा होता की, दोन बंद पेट्यांपैकी एकीत चेंडू असेल, तर दुसऱ्या पेटीत काय आहे हे पहिल्या पेटीचे काय केले जाते यावर अवलंबून असू शकत नाही. दूर गेलेल्या दोन कणांनाही हाच न्याय लावला, तर पुंजयामिकीचे वर्णन अपुरे ठरते.

८ ऑगस्टच्या पत्रात त्यांनी कधीही आपोआप पेट घेऊ शकणाऱ्या बंदुकीच्या दारूचा दाखला दिला. वर्षभराने तिचे तरंगफलन, म्हणजे तिच्या अवस्थेचे गणिती वर्णन, स्फोट झालेल्या आणि न झालेल्या अवस्थांचे मिश्रण दाखवते, पण प्रत्यक्षात अशी मधली अवस्था संभवत नाही. श्रोडिंगर यांनी १९ ऑगस्टच्या उत्तरात पोलादी पेटी, किरणोत्सार टिपणारा गायगर गणक, तासाभरात एखादा अणू फुटण्याची शक्यता निम्मी राहील इतके अल्प युरेनियम, अणू फुटताच फुटणारी हायड्रोसायनिक आम्लाची कुपी आणि एक मांजर अशी रचना मांडली, जी वर्षअखेरीस त्यांच्या ‘नाटुरविसेनशाफ्टेन’मधील लेखमालेतून जगासमोर आली. हे मांजर एकाच वेळी जिवंत आणि मृत असते, असे आज कौतुकाने सांगितले जाते, तेव्हा श्रोडिंगर यांच्यावर अन्यायच होतो, कारण असा निष्कर्ष हास्यास्पद आहे हेच त्यांना दाखवायचे होते.

पुढे १९६४ मध्ये जॉन बेल यांनी सिद्ध केले की, दूरच्या कणांची अशी स्वतंत्रता गृहीत धरणारा कोणताही सिद्धांत पुंजयामिकीची सर्व भाकिते देऊ शकत नाही. प्रयोगांचा कौल पुंजयामिकीच्या बाजूने लागला आणि त्यांबद्दल आलँ आस्पे, जॉन क्लाउझर आणि आंतोन त्साइलिंगर यांना २०२२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पेट्यांचा वाद असा आइन्स्टाइन यांच्या विरोधात गेला. मांजराच्या प्रश्नावर, म्हणजे मोजमापाच्या क्षणी नेमके काय घडते यावर, भौतिकशास्त्रज्ञांचे अद्याप एकमत नाही.